टाकीतलं पाणी नितळ, तरी लूपमध्ये हवा : ओहायोतल्या एका हीट पंपाचं प्रकरण

माझे वडील शेतकरी. विहिरीवरची मोटर चालू आहे, पण वरच्या वाफ्यात पाणी येत नाही, असं झालं की ते म्हणायचे, "लाइनीनं हवा धरलीय." मग चढावरचा एअर व्हॉल्व्ह उघडायचा, फुस्स आवाज थांबेपर्यंत वाट बघायची, की पाणी चालू. पुढे अमेरिकेत जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या हीट पंपांचं काम करताना मला रोज तीच हवा भेटत राहिली. फरक एवढाच, की इथली पाइपलाइन साठ मीटर खोल जाते आणि चढावर एअर व्हॉल्व्ह नसतो.

हे प्रकरण ओहायोच्या वायव्य भागातल्या एका घराचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मोजमापं आणि निर्णय जसेच्या तसे ठेवले आहेत, माझ्या चुकलेल्या निर्णयासकट.

घर आणि यंत्रणा

घर आमच्या मंडळातल्या एका निवृत्त मराठी जोडप्याचं. मी त्यांना काका-काकू म्हणतो. घरात चार टनांचा हीट पंप. मागच्या हिरवळीखाली चार उभे बोअर, प्रत्येकी साधारण ६० मीटर खोल. प्रत्येक बोअरमध्ये पाऊण इंची काळा एचडीपीई पाइप खाली जातो, तळाशी यू-बेंड घेऊन वर येतो. आपल्याकडे शेतात अंथरतात तोच पाइप, फक्त जाड भिंतीचा आणि वितळवून जोडलेला. चारही बोअरचे पाइप आडव्या चरांमधून घराजवळच्या हेडरला, म्हणजे सगळ्यांना एकत्र जोडणाऱ्या मुख्य पाइपाला, येतात, आणि तिथून सव्वा इंची पाइपांची एक जोडी बेसमेंटमध्ये शिरते. हेडर दीड मीटर खोल पुरलेला. एकेका बोअरला वेगळा व्हॉल्व्ह नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

या सगळ्या बंद पाइपचक्राला लूप म्हणतात. सगळ्या लूपमध्ये मिळून सुमारे अडीचशे लीटर द्रव. त्यात २५ टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल, म्हणजे उणे ९-१० अंश सेल्सिअसपर्यंत गोठण्याची भीती नाही. या भागात खोलवरची जमीन वर्षभर ११-१२ अंशांवर असते. हिवाळ्यात हा द्रव जमिनीतून उष्णता घेऊन येतो, हीट पंप ती शोषून घरात सोडतो, आणि गार झालेला द्रव पुन्हा जमिनीत जातो. फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो त्यातलाच प्रकार, फक्त दिशा घराकडे.

अडचण

पहिल्या हिवाळ्यात फिरवणारा पंप जळाला. कंत्राटदाराने बदलून दिला. दुसऱ्या हिवाळ्यात जानेवारीच्या थंडीत यंत्र स्वतःहून बंद पडायला लागलं आणि घर विजेच्या हीटरवर चालू लागलं. बिल बघून काकांनी मला फोन केला. काकूंची तक्रार वेगळी होती. "अरे, बेसमेंटमध्ये कोणीतरी हुक्का ओढतंय असं वाटतं रात्री. गुळगुळ, गुळगुळ. हे म्हणतात यंत्राचा आवाज असतोच. तू ये आणि ऐक."

मी जाऊन ऐकलं. त्या आवाजातच निम्मं निदान होतं, आणि ते काकूंनी आधीच केलेलं होतं.

मोजमाप घेतलं ते असं. लूपचा दाब जवळपास शून्य, जिथे हिवाळ्यात ५० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास असायला हवा. जमिनीतून येणारा द्रव उणे ५ अंश. आराखड्यात सर्वांत कमी उणे १ धरलेला होता. यंत्राच्या कॉइलवरच्या (जिथे द्रव आपली उष्णता यंत्राला देतो तो भाग) दाबाच्या फरकावरून प्रवाह निघाला मिनिटाला सुमारे ३४ लीटर, हवा होता ४५. गेजचा काटा एका जागी उभा राहत नव्हता, थरथरत होता. हा थरथरणारा काटा मी कधीच दुर्लक्षित करत नाही. निव्वळ द्रव जात असेल तर काटा असा हलत नाही.

या पंपांचे बेअरिंग त्यातून वाहणाऱ्या द्रवानेच ओले राहतात. हवेचा फुगा आत अडकला की ते कोरडे फिरतात. पहिला पंप का गेला असावा, याचं कोडं तिथेच सुटत होतं.

गळती की हवा?

दाब शून्यावर आलेला दिसला की पहिला संशय गळतीचा येतो, आणि यायलाच हवा. पण नव्या एचडीपीई लूपमध्ये दाब उतरायला गळतीच लागते असं नाही. दाबाखाली हा पाइप आठवडे-महिने हळूहळू ताणत राहतो, आतली जागा किंचित वाढते, आणि पाणी जवळजवळ दाबलं जात नसल्यामुळे एवढ्याशा वाढीनेही गेज खाली येतो. त्यात अडकलेली हवा थोडी थोडी द्रवात विरघळत असेल तर दाब आणखी उतरतो.

म्हणून घरातला भाग आणि जमिनीतला भाग व्हॉल्व्हने वेगळे केले, दोन्हींत दाब भरला आणि रात्रभर ठेवला. घरातल्या भागाचा काटा हलला नाही. जमिनीतला ४५ वरून ४१ वर आला आणि तिथेच थांबला. गळती असती तर तो थांबला नसता. गळती नाही, हे या प्रकरणातलं पहिलं पक्कं विधान.

समोरचे पर्याय

कंत्राटदाराचं म्हणणं होतं, लूप कमी पडतोय, पाचवा बोअर मारा. काका त्याला जवळजवळ तयार झाले होते. येणारा द्रव इतका गार आहे म्हणजे जमीन पुरत नाही, हा तर्क वरवर बरोबरही वाटतो. पण चारपैकी एक बोअर वाहतच नसेल, तरी हेच दिसेल : तीन बोअर चौघांचं काम करणार, त्यांच्याभोवतीची जमीन जास्त गार होणार. हजारो डॉलर घालून पाचवा मारला असता, तर यंत्र बहुधा चाललंही असतं, आणि मुका बोअर कायमचा मुका राहिला असता.

दुसरा पर्याय, फक्त दाब भरून पंपावरच्या स्क्रूतून हवा सोडायची. एकदा दोनदा करून बघायला हरकत नसते, पण त्यातून पंपाशी आलेली हवाच निघते.

तिसरा, बेसमेंटमध्ये एअर सेपरेटर बसवायचा. चांगलं उपकरण आहे, मी इतर ठिकाणी वापरतो. पण वाहत्या द्रवाबरोबर त्याच्यापर्यंत पोचलेली हवाच त्याच्या हाती लागते. ज्या बोअरमध्ये प्रवाहच नाही, तिथली हवा त्याच्यापर्यंत येणार कशी?

चौथा, हिरवळ खणून हेडर उघडायचा आणि प्रत्येक बोअरला व्हॉल्व्ह लावायचे. तांत्रिकदृष्ट्या सर्वांत स्वच्छ उपाय हाच. पण जानेवारीत जमीन गोठलेली, आणि हेडरवर आता काकूंच्या गुलाबांची रांग.

पाचवा, ताकदीचा फ्लश. मोठा पंप आणि टाकी असलेली गाडी, म्हणजे फ्लश कार्ट, लूपला जोडायची आणि नेहमीच्या प्रवाहापेक्षा खूप जोरात द्रव फिरवून हवा ओढून बाहेर काढायची. मी हा निवडला. निवड बरोबर होती, पण ती मी अमलात कशी आणली, ते आता सांगतो.

पहिला प्रयत्न, आणि तो का फसला

यात एक पोटनिर्णय होता : फ्लश साध्या पाण्याने करायचा की आतल्याच ग्लायकॉलने? नव्या लूपमध्ये आधी साध्या पाण्याने हवा काढतात आणि अँटिफ्रीझ शेवटी घालतात, कारण ग्लायकॉल घट्ट असतं, हवेबरोबर घुसळलं की फेसाळतं आणि बारीक बुडबुडे धरून ठेवतं. पण इथे लूप उणे पाच अंशांवर. साधं पाणी सोडलं असतं तर पाइपातच बर्फ होण्याचा धोका. म्हणून आतलाच द्रव टाकीतून फिरवायचा ठरवला. तो निर्णय आजही मला योग्य वाटतो.

बाकीचं घाईत केलं. काका-काकू चार दिवस दोन खोल्यांत राहत होते. जवळच्या दुकानात जी लहान कार्ट भाड्याने मिळाली ती आणली, तिला बागेतले साधे होज जोडले. परतीचा होज टाकीत द्रवाच्या वरच लटकत होता, त्यामुळे धार वरून पडून नवी हवा आत घुसळत होती. ते अर्ध्या तासाने लक्षात आलं आणि मग होजचं तोंड बुडवलं. सुरुवातीला टाकी दुधासारखी पांढरी झाली. तासाभराने फेस कमी झाला. तीन तासांनी द्रव काचेसारखा नितळ दिसू लागला, एकही बुडबुडा नाही. मी कार्ट बंद केली, दाब भरला, पंप चालू केला. गुळगुळ गेली होती. काकूंनी सोलकढी केली होती, ती पिऊन मी घरी गेलो.

पाचव्या दिवशी काकांचा फोन. "आवाज नाही, पण पाणी अजून उणे चारच दाखवतंय."

टाकीतलं नितळ पाणी बघून मी जे गृहीत धरलं, ते चुकीचं होतं. त्या पाण्याने फक्त एवढंच सांगितलं, की जे पाइप वाहत आहेत त्यांतली हवा गेली. जो पाइप वाहतच नाही त्याच्याबद्दल टाकीला काहीच माहीत नसतं. समांतर जोडलेल्या लूपची ही खोडच आहे : ज्याला जोराची सर्वांत जास्त गरज, त्यालाच सर्वांत कमी मिळतो. पाणी मोकळ्या तीन वाटांनी निघून जातं.

आधी करायला हवी होती ती आकडेमोड

ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत १९८७ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय ग्राउंड सोर्स हीट पंप संघटनेच्या प्रशिक्षणात शिकवला जाणारा नियम आहे : हवा काढायची तर पाइपाच्या प्रत्येक भागात द्रवाचा वेग किमान सेकंदाला दोन फूट, म्हणजे सुमारे ०.६ मीटर हवा. हा आकडा असा का, हे कळलं की तो विसरत नाही. पाऊण इंची उभ्या पाइपात मोठा बुडबुडा स्थिर पाण्यातून सेकंदाला साधारण १६ सेंटीमीटर वेगाने वर चढतो. बोअरमधल्या यू-पाइपाच्या खाली जाणाऱ्या पायात, म्हणजे एका बाजूच्या उभ्या पाइपात, आपण त्याला त्याच्या मर्जीविरुद्ध साठ मीटर खाली न्यायचं आहे. पाणी रेंगाळलं तर तो खाली जाणारच नाही, वरच घुटमळत राहील.

पाऊण इंची पाइपात ०.६ मीटरचा वेग यायला मिनिटाला जवळपास १३.७ लीटर लागतात. चार बोअर समांतर, म्हणून चौपट : ५५ लीटर. एकेका बोअरला व्हॉल्व्ह असते तर एका वेळी १३.७ लीटरवर भागलं असतं आणि ती लहान कार्टही चालली असती. व्हॉल्व्ह नाहीत म्हणून पूर्ण ५५ हवेत.

माझ्या पहिल्या कार्टने किती दिले होते? हे मोजायला महागडं मीटर लागत नाही. इथे १९ लीटरची बादली सगळीकडे मिळते. परतीचा होज तिच्यात धरायचा आणि घड्याळ लावायचं. ५५ लीटरचा प्रवाह असेल तर ती २१ सेकंदांत भरायला हवी. मी दुसऱ्या खेपेला तीच लहान कार्ट तेच होज लावून मोजली : ३४ सेकंद. म्हणजे मिनिटाला ३३-३४ लीटर, चौघांत सारखे वाटले तरी वेग ०.३७ मीटर. तीन तास काय, तीन दिवस चालवली असती तरी उपयोग नव्हता. बागेचे अरुंद होजच निम्मा जोर खात होते.

दुसरा प्रयत्न

या वेळी दोन अश्वशक्तीची कार्ट, दीड इंची होज. बादली १८ सेकंदांत भरली, मिनिटाला ६३ लीटर.

पण आधी एक चाचणी, जी पहिल्या खेपेला वगळण्याचं काहीच कारण नव्हतं. कार्ट चालू ठेवून परतीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे लूपमधला दाब चढतो. आत फक्त द्रव असेल तर टाकीची पातळी जेमतेम हलते, कारण द्रव दाबला जात नाही. हवा असेल तर ती आक्रसते, तेवढा द्रव आत जातो आणि टाकी उतरते. टाकीचा व्यास २५ सेंटीमीटर. पातळी साडेसात सेंटीमीटर उतरली, म्हणजे सुमारे पावणेचार लीटर द्रव आत गेला. त्यातला अर्धा लीटर पाइप फुगल्याचा सोडून द्या. दाब जवळपास दुप्पट झाला होता, म्हणजे हवा निम्म्यावर आली होती. उलट मोजलं तर आत सहा-सात लीटर हवा होती. पाऊण इंची पाइपात एवढी हवा १७-१८ मीटर लांबी व्यापते.

हा आकडा ऐकून काका उठले आणि फोन घेऊन आले. काम चालू असताना त्यांनी रोज चरांचे फोटो काढले होते. सर्वांत लांबच्या बोअरचा आडवा तुकडा वीसेक मीटरचा, आणि फोटोत स्पष्ट दिसत होतं की मध्येच तो एका जुन्या मातीच्या नळावरून वर उचलून नेलेला आहे. हा सगळा मुलूख एके काळी ग्रेट ब्लॅक स्वॅम्प नावाची दलदल होता. एकोणिसाव्या शतकात शेतांखालून असे मातीचे नळ घालूनच तो कोरडा केला गेला. असाच एक विस्मरणात गेलेला नळ चरात आडवा आला, आणि खणणाऱ्याने पाइप त्याच्यावरून घेतला. पाइपाला कुबड आलं, आणि हवेला बसायला जागा मिळाली.

काकांनी बोट ठेवून दाखवलं, ते कुबड बोअरकडे जाणाऱ्या पाइपावर होतं. यावरून पुढचा निर्णय ठरला. नेहमीच्या दिशेने द्रव ढकलला तर या हवेला बाहेर पडण्यासाठी आधी साठ मीटर खाली जावं लागणार. रोजच्या वापरात बोअरच्या दोन टोकांमधला जोर दोन-अडीच मीटर पाण्याच्या उंचीइतकाच असतो. हवा उभ्या पाइपात तेवढी खाली ढकलली गेली की तोल सांभाळला जातो आणि प्रवाह नावापुरता उरतो. मोठ्या कार्टनेही हा जोर फार तर दुप्पट होतो. पण दिशा उलटी केली, तर द्रव दुसऱ्या पायातून खाली जाईल, या पायातून वर येईल आणि कुबडातली हवा सरळ हेडरकडे रेटेल. तिला खाली जावंच लागणार नाही.

तरीही आधी सरळ दिशेने चाळीस मिनिटं चालवून बघितलं, तुलना मिळावी म्हणून. पातळीचा उतार साडेसातवरून सहावर आला, एवढंच. मग होजांची अदलाबदल केली. दर दोन-तीन मिनिटांनी परतीचा व्हॉल्व्ह बंद करून दाब चढू द्यायचा आणि झटकन उघडायचा. या हिसक्याने चिकटलेला फुगा जागचा सुटतो. साधारण दहाव्या मिनिटाला परतीचा होज हातात जिवंत झाल्यासारखा उसळला, टाकीत भसाभस फेस आला आणि काठावरून वाहिला. काकू जिन्यावर उभ्या होत्या. "गेली का रे?" म्हणाल्या. जात होती. नंतर अर्धा तास उलट, वीस मिनिटं सरळ. शेवटच्या चाचणीत पातळी दीड सेंटीमीटरपेक्षा कमी उतरली. शून्य कधीच येत नाही, कारण पाइप स्वतः थोडा फुगतो.

हे सगळं होईपर्यंत हीट पंपाची कॉइल व्हॉल्व्हने बाजूला ठेवली होती, लूपमधला गाळ आणि प्लॅस्टिकचे कपटे तिच्यात जाऊ नयेत म्हणून. नंतर तिच्यातली हवा वेगळी काढली. सांडलेल्या द्रवाच्या जागी मिश्रण भरलं, रिफ्रॅक्टोमीटरने ग्लायकॉल तपासलं आणि ५० पीएसआयवर बंद केलं.

परिणाम

प्रवाह ४५ लीटर, काटा स्थिर. कॉइलवरचा तापमानातला फरक ३.६ वरून २.७ अंशांवर आला. येणारा द्रव लगेच गरम झाला नाही, कारण तीन बोअरभोवतीची जमीन आधीच ओरबाडली गेली होती. दहा दिवसांत तो उणे चारवरून उणे अर्ध्यावर चढला. त्या हिवाळ्यात यंत्र पुन्हा बंद पडलं नाही, पुढच्याही नाही. सहा आठवड्यांनी दाब ३८ पर्यंत उतरला. तो उतरणार हे आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे काका घाबरले नाहीत. मी जाऊन पुन्हा भरला. पाचवा बोअर मारला नाही.

आता करायचं झालं तर

पहिल्याच दिवशी परतीचा व्हॉल्व्ह बंद करून चाचणी घेईन. पाच मिनिटांचं काम. ते वगळल्यामुळे दोन म्हाताऱ्या माणसांनी आणखी पाच दिवस अर्ध्या गार घरात काढले, आणि त्याची बोच मला अजून आहे. कार्ट भाड्याने घेण्याआधी बोअरची संख्या गुणिले १३.७ एवढं गणित कागदावर मांडीन. एक इंची पाइप असेल तर २१.५ लीटर धरायचे.

साध्या पाण्याने फ्लश करण्यासाठी उन्हाळ्यापर्यंत थांबायला हवं होतं का, हा प्रश्न मला एका सहकाऱ्याने विचारला. फेस कमी झाला असता, हे खरं. पण घरात माणसं राहत असताना तीन महिने विजेच्या हीटरवर काढायला सांगणं मला पटलं नाही, आजही पटत नाही.

मूळ बांधणीबद्दल माझं मत ठाम आहे. हेडर बेसमेंटमध्ये आणून प्रत्येक बोअरला व्हॉल्व्ह द्यायला हवा होता. तेवढं नाही, तर निदान चर बुजवण्यापूर्वी फ्लश करून प्रवाहाचा आणि पातळीच्या उताराचा आकडा घरमालकाच्या हातात द्यायला हवा होता. या घराच्या कागदपत्रांत "लूप फ्लश केला" एवढंच लिहिलेलं होतं, किती लीटरने ते नाही. तुमच्या घरी असं काम चालू असेल, तर हे दोन आकडे लेखी मागा. आणि चरांचे फोटो काढा, पाइप कुठे वळतो, कुठे उचलला जातो ते दिसेल असे.

काकांनी तो नळाचा फोटो छापून प्लॅस्टिकच्या पाकिटात यंत्राच्या दारावर आतून चिकटवलाय. शेजारी त्यांच्या अक्षरात तीन ओळी : बादली १८ सेकंद. उतार दीडच्या आत. दिशा उलटी.